आधी चूक, मग नाव

प्रयोगशाळांत, वर्कशॉपांत काम करणाऱ्या बायकांच्या त्या ग्रुपात शिरायचं म्हणजे काही सोपं काम नव्हतं. फॉर्म उघडला की नाव विचारत नाहीत, हुद्दा विचारत नाहीत, शिक्षण तर मुळीच नाही. पहिला रकाना असतो तो चुकीसाठी. ‘कामावर तुमच्या हातून झालेली एक चूक लिहा. फोटो असेल तर जोडा.’ नावाचा रकाना त्याच्या खाली. भल्याभल्या पीएचडीवाल्या बायका तिथे येऊन अडखळायच्या. एकीने तर चिडून कळवलं होतं, माझ्या हातून चुका होत नाहीत. तिला उत्तर गेलं, ‘मग घाई नाही, बाई. झाली की या.’ दोन महिन्यांनी आली बिचारी.

असली उत्तरं देणारी बाई म्हणजे पक्कडबाई. एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं दुरुस्त करते. सूक्ष्मदर्शक, तराजू, पंप, भट्ट्या, जे बिघडेल ते तिच्या टेबलावर येऊन पडतं. वय बावन्न, चष्मा कायम डोक्यावर आणि अॅप्रनच्या खिशात एक पक्कड. त्यावरून हे नाव पडलं. ठेवणाऱ्यांनी चेष्टेनेच ठेवलं होतं, पण हिने ते असं उचलून धरलं की चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली. टेबलावर तिने पाटीच लावली, ‘पक्कडबाई. आधी विचारा, मग उघडा.’ करा आता चेष्टा!

ग्रुपची सुरुवात एका फोनने झाली. सात वर्षं झाली त्याला. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतली एक मुलगी, ओळख ना पाळख, कुठून तरी नंबर मिळवून कुजबुजत बोलत होती. “ताई, तराजूचा आकडा एका जागी थांबतच नाही. इथे विचारलं तर म्हणतील, एवढंही येत नाही.” पक्कडबाई म्हणाली, “डोक्यावर पंखा चालू आहे का?” होता. बंद केला आणि आकडा थांबला. तीन दिवस ती पोरगी एका पंख्यापायी जीव मुठीत धरून बसली होती. पक्कडबाईचं डोकंच फिरलं. पंख्यावर नाही हो, त्या कुजबुजण्यावर.

ती कुजबुज तिच्या चांगल्या परिचयाची होती. पुरुषाच्या हातून काच फुटली तर काच फुटते, झाडून टाकतात. बाईच्या हातून फुटली की लगेच, ‘म्हणून म्हणत होतो, बायकांना कशाला घेता?’ एकीची चूक सगळ्यांच्या नावावर. मग बायका काय करणार, चुका पोटातच ठेवतात. विचारत नाहीत, म्हणून शिकत नाहीत, आणि शिकत नाहीत म्हणून पुन्हा चुकतात. या फेऱ्याला कुठेतरी पाचर मारायची, असं तिने ठरवलं. आणि या बाईने एकदा ठरवलं की मग तिच्या वाटेला जाण्यात अर्थ नसतो.

पहिल्यांदा नऊ जणी होत्या, फोनवरच. मग तिच्या नणंदेने रीतसर साइट बांधून दिली. नणंद सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत. पक्कडबाई तिला म्हणायची, “तुझा तर धंदाच दुसऱ्याच्या चुका काढायचा. घराण्याचा वारसा!” यावर पलंगावर बसलेल्या सासूबाई खाकरायच्या, आणि तिघी हसायच्या. नणंदेनेच ‘माझंही’ची रीत काढली. नव्या बाईने चूक लिहिली की ती सगळ्यांना दिसते. तशी चूक आपल्याही हातून झाली असेल, तर खाली एकच शब्द लिहायचा, ‘माझंही’. तीन ‘माझंही’ जमले की दार उघडलं. सल्ला, दुरुस्ती, नोकरीच्या गोष्टी, सगळं त्यानंतर.

आणि काय एकेक चुका यायच्या! एका दगडमातीवालीने दोनशे नमुन्यांच्या पिशव्यांवर अशा शाईने नंबर घातले, की पहिल्या धुण्यात सगळे कोरे. एकीने चाचणीचा म्हणून पाठवलेला ‘अगं, पोचतंय का?’ हा मेसेज कंपनीच्या तमाम ग्राहकांना गेला, आणि त्यातल्या निम्म्यांनी ‘हो, पोचतंय’ म्हणून उत्तर दिलं. सगळ्यांची लाडकी चूक मात्र खुद्द पक्कडबाईची. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने एक पंप दोन तास खोलून तपासला, आणि मग लक्षात आलं की प्लगच लावलेला नाही. तिच्याखाली तीनशेच्या वर ‘माझंही’ होते. सात वर्षांत ग्रुप चार हजारांवर गेला, आणि नवीन येणारी प्रत्येक जण आधी त्या पंपाला हसायची. चूक खरी होती. फक्त ती लिहिण्याजोगी होती म्हणून लिहिली होती, हे एकट्या पक्कडबाईला माहीत होतं.

रविवारी दुपारी नणंद यायची आणि दोघी मिळून आठवड्याचे अर्ज बघून सगळ्यांपुढे ठेवायच्या. सासूबाई मटार सोलत बसायच्या. अशाच एका रविवारी नणंदेने एक अर्ज मोठ्याने वाचायला घेतला.

“‘बारा वर्षांपूर्वी मी एका संशोधन संस्थेत हंगामी सहायक होते. सेंट्रिफ्यूज चालू करण्याआधी मी त्याचा नट नीट तपासला नाही. आतलं चाक उसळलं, यंत्राचा चुराडा झाला. कुणाला लागलं नाही ते नशीब. मला पुढे ठेवलं नाही, ते बरोबरच होतं. त्यानंतर मी या कामाकडे वळले नाही. आता मुलगा मोठा झालाय. दूध तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत गुरुवारी मुलाखत आहे. मधली बारा वर्षं कुठे होतात, असं विचारतीलच. ही चूक सांगून टाकू का? खोटं बोलवत नाही.’” नणंदेने मान वर केली. “बघ बाई, किती प्रामाणिक आहे! हिला तीन ‘माझंही’ लगेच मिळतील. वहिनी? अगं, काय झालं?”

पक्कडबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खालचं नाव वाचायची तिला गरजच नव्हती. लांब वेणी अॅप्रनच्या आत खोचून काम करणारी ती मुलगी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. वर्कशॉपमध्ये सगळे तिला वेणी म्हणायचे.

आता सेंट्रिफ्यूज म्हणजे काय, तर नळ्या गरगर फिरवून गाळ आणि पाणी वेगळं करणारं यंत्र. आत धातूचं जड चाक असतं, ते एका नटाने आसाला आवळलेलं असतं. तो नट हाताने फिरवून भागत नाही, शेवटचा पीळ चावीनेच, म्हणजे पान्यानेच, द्यावा लागतो. त्या दिवशी सकाळी पक्कडबाईने चाक काढलं, आस पुसून ग्रीस लावलं, चाक परत बसवलं, नट हाताने लावला. चावी घ्यायला वळली आणि फोन वाजला. लेकीच्या शाळेतून. मुलगी तापाने फणफणलीय, ताबडतोब या. ही तशीच धावत सुटली. जाताना यंत्राला लाल पाटी अडकवायची असते, ‘काम चालू आहे, सुरू करू नका’. ती पाटी अडकवायची राहिली. संध्याकाळी घरी लेकीच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना अॅप्रनच्या खिशात काहीतरी टोचलं, बघते तर लाल पाटी. तोपर्यंत तिकडे चाक उसळून गेलेलं होतं.

चौकशीला तिघे बसले. वेणीला विचारलं, नट तपासला होतास का? तिघे एकदम बोलायला लागले तशी ती गांगरली. “आठवत नाही,” म्हणाली. झालं, सगळं खापर तिच्या माथी फुटलं. पक्कडबाईला कुणी काही विचारलंच नाही, आणि ती मूग गिळून बसली. वर्कशॉपमध्ये कायमच्या नोकरीत ती एकटीच बाई. मी बोलले तर एकीच्या जागी दोघी जाऊ, पुढे इथे एकही बाई घेणार नाहीत, असं तिने स्वतःला समजावलं. कारण तसं अगदी खोटंही नव्हतं. पण खरं सांगायचं तर ती घाबरली होती. वेणी शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला आली तेव्हा ही बाई टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत राहिली. असं वागली आपली पक्कडबाई. मी तरी का लपवू?

हे सगळं तिने त्या दुपारी दोघींना सांगितलं. नणंदेने तो अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, “फोन कर तिला. माफी माग. पण ग्रुपात नको, वहिनी. चार हजार बायका तुझ्या भरवशावर आपलं झाकलेलं उघडं करून बसल्यात. त्यांना कळलं, की जिने हे सुरू केलं तिनेच एका पोरीचा बळी दिला, तर उरेल का काही? आणि बाहेरचे तर टपूनच बसलेत. वर्कशॉप प्रमुखपदासाठी तुझं नाव वर गेलंय, ते वेगळंच. गुपचूप मिटव.”

“गुपचूपच तर होते की बारा वर्षं,” पक्कडबाई म्हणाली.

“मग काय करणार आहेस?”

यावर सासूबाई बोलल्या. हातातली शेंग तशीच धरून. “मला मेलीला तुमच्यातलं काही कळत नाही. पण तुमच्या त्या फॉर्मात पहिल्यांदा चूक लिहायची असते ना गं? मग हिची कुठाय?”

“लिहिलीय की आई, पंपाची,” नणंद म्हणाली.

“ती गंमत झाली,” सासूबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

पक्कडबाई उठली. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या पावत्यांच्या मागे, एक पाकीट होतं. त्यातून तिने लाल पाटी काढली, टेबलावर ठेवून फोटो घेतला. मग नणंदेला म्हणाली, “सरक.”

आधी तिने पंपाची चूक पुसून टाकली. चूक पुसली की नियमाप्रमाणे ती ग्रुपच्या बाहेर. “अगं, हे काय?” म्हणून नणंद ओरडली, पण ही ऐकते कुठली! तिने नवा फॉर्म उघडला, इतर कुणीही उघडावा तसा, आणि पहिल्या रकान्यात सगळं लिहिलं. शाळेचा फोन लिहिला, पण ‘म्हणून असं झालं’ असं लिहिलं नाही. पाटीचा फोटो जोडला. ‘चौकशीत मी गप्प बसले, कारण मी घाबरले होते. माझ्या जागी दुसरी गेली.’ एवढं लिहून नाव टाकलं. मग वेणीच्या अर्जाला उत्तर दिलं. ‘तुमचा अर्ज परत करत आहे. यात लिहिलेली चूक तुमची नाही, माझी आहे. ती ग्रुपात लिहिली आहे, ती आणि पाटीचा फोटो सोबत पाठवते. गुरुवारच्या आधी संस्थेचा कागद तुमच्या हातात देईन. क्षमा मागते. तुम्ही ती करायलाच हवी असं मात्र नाही.’

त्या संध्याकाळी ग्रुपात चिडीचूप. नेहमी चिमण्यांसारखा किलबिलाट असायचा, आज कुणी हूं की चूं करेना. सोमवारी सकाळपर्यंत साठ जणी ग्रुप सोडून गेल्या होत्या. एकीने जाताना लिहिलं, ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ पक्कडबाईने ते दोनदा वाचलं, डबा पिशवीत घातला आणि कामाला गेली.

वर्कशॉपचे साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. बारा वर्षांपूर्वीच्या चौकशीतल्या तिघांपैकी ते एक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसायला घेतला. “बाई, गाडलेली मढी कशाला उकरताय?”

“मढं नाही, साहेब. जिवंत बाई आहे ती. गुरुवारी तिची मुलाखत आहे.”

“अहो, पण आम्ही तिघांनी सह्या केल्यात त्या अहवालावर. आता चौकशीच चुकीची होती म्हणायची का?”

“अपुरी होती म्हणा. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझा जबाब लिहून आणलाय. तो फायलीला लावा, आणि तिचा दोष नव्हता असा कागद द्या.”

“बघू, पुढच्या महिन्यात बैठक आहे.”

“बुधवारपर्यंत हवाय.”

साहेब हसले. बाई मात्र हसली नाही. दुपारच्या सुट्टीत ती त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसली. मंगळवारीही बसली. साहेब मागच्या दाराने गेले, तर बुधवारी ही मागच्या दाराशी. येणारे-जाणारे विचारायचे, काय हो पक्कडबाई, इथे काय? ती प्रत्येकाला सगळं सांगायची, अगदी पहिल्यापासून, पाटीसकट. कॅंटीनवाल्यापासून लेखाविभागापर्यंत बोभाटा झाला. साहेबांच्या अगदी नाकी नऊ आले. बुधवारी चार वाजता त्यांनी तिला आत बोलावलं.

“प्रमुखपदासाठी तुमचं नाव मी मागे घेतोय,” ते म्हणाले. “माझा नाइलाज आहे. ही नोंद झाली की ते राहत नाही.”

“घ्या मागे,” ती म्हणाली. “कागद द्या.”

वाईट वाटलं नाही असं नाही हं! ती खुर्ची तिला हवी होती. तिथे बसून पहिल्या वर्षी दोन मुली घ्यायच्या, असं तिने मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. जिन्यात उभं राहून तिने कागद वाचला, ‘सदर घटनेत त्यांचा कोणताही दोष नव्हता’ या ओळीवर बोट ठेवून फोटो काढला आणि वेणीला पाठवला. वेणीने तो पाहिला. उत्तर मात्र आलं नाही.

ग्रुपात तोपर्यंत पहिला ‘माझंही’ पडला होता. ती दगडमातीवाली. तिने एका शब्दावर भागवलं नाही, पुढे लिहिलं, ‘नकाशा मी चुकवला होता. बोलणी माझ्या हाताखालच्या मुलीने खाल्ली.’ मग दुसरा, मग पाचवा. रात्र सरली, गुरुवारी सकाळी बघितलं तर एकोणतीस. सात वर्षांत कुणी असल्या चुका लिहिल्या नव्हत्या. नणंदेचा फोन आला, रडवेल्या आवाजात. “वहिनी, तीनच लागतात. आत घेते तुला.”

“थांब,” पक्कडबाई म्हणाली. “जिचं गेलं ती बोलल्याशिवाय नाही.”

“आणि ती नाही बोलली तर?”

“तर बाहेर बसेन. मला सवय झालीय बाकांची.”

गुरुवारी दुपारी ती एका भट्टीचं दार बसवत होती. फोन वाजला. नणंदेने एक नवा अर्ज पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘बसून वाच.’

पक्कडबाईने उभ्यानेच वाचला. पहिल्या रकान्यात होतं, ‘मी नट तपासला होता. हाताने फिरवून बघितला, हाताला घट्ट लागला. तेव्हा आम्हाला एवढंच शिकवलं होतं. चौकशीत तिघे एकदम बोलायला लागले आणि मी आठवत नाही म्हणाले. आठवत होतं. पण माझ्या हातापेक्षा मी त्यांच्या आवाजावर जास्त विश्वास ठेवला, आणि बारा वर्षं ठेवला. घरातला गॅस चार चार वेळा बघते, कुलूप ओढून ओढून बघते. माझी चूक ही आहे.’ फोटो नव्हता. त्याखाली तासाभरात इतके ‘माझंही’ आले होते, की नणंदेने मोजायचं सोडून दिलं होतं. वेणी ग्रुपात आली होती.

आणि आल्या आल्या तिने पहिली गोष्ट केली, ती म्हणजे पक्कडबाईच्या लाल पाटीखाली लिहिलं. एकोणतीस ‘माझंही’च्या खाली.

‘ताई, मी माझंही लिहिणार नाही. ते माझं नव्हतं.’

पक्कडबाई भट्टीला टेकली. बारा वर्षांत न आलेलं रडू आता आलं, आणि चांगलं हुंदके देऊन आलं. शेजारचा वेल्डर घाबरून पाणी घेऊन धावला. “काय झालं, बाई? कुणी गेलं का?”

“नाही रे,” ती नाक पुसत म्हणाली. “आलीय.”

फोन पुन्हा वाजला. वेणीच होती, पण आता थेट तिला. ‘मुलाखत बरी झाली. कागद दाखवला. सोमवारी कळवतील. माफीचं म्हणाल तर मला अजून राग आहे, तो जाईल तेव्हा जाईल. ती लाल पाटी मात्र मला पाठवा. नोकरी मिळाली तर तिथे लावीन, नाही मिळाली तरी मला हवी आहे. आणि तो शेवटचा पीळ चावीने किती द्यायचा असतो, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवाल?’

पक्कडबाईने डोळे कोरडे केले, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. कपाटातून चावी काढली, एक रिकामा आस शिकंज्यात आवळला, आणि त्याच्यावर नट हाताने फिरवून घट्ट केला.

“ये इकडे,” तिने वेल्डरला हाक मारली. “माझा फोन धर, आणि हलवू नकोस. हे पहिल्यापासून दाखवायचंय.”